बॅटरी उतरत होती

त्या रविवारी बारा वाजायच्या आत ह्यांना हडपसरपुढच्या मांजरी गावाला पोहोचवायचं होतं आणि गाडी चार्ज होत नव्हती. सांगायचं आहे ते एवढंच. पण तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी. मागचा धडा झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही मला.

चार वर्षांपूर्वी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बाजू थोडीफार परत आली, वाचा नाहीच. तेव्हापासून हे चाकाच्या खुर्चीत. तोंडातून आवाज येतो, शब्द येत नाही. काहीही विचारलं की मान हलवतात, होकाराची. चहा हवा का? हो. चहा नको ना? तरी हो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ह्यांना किती समजतं आणि किती नाही, हे छातीठोक सांगता येणार नाही. मुलाने त्याचा अर्थ 'समजत नाही' असा घेतला. पहिली दोन वर्षं मी त्याच्याशी भांडले, नंतर मीही तोच अर्थ घेतला.

माझं वय त्रेसष्ट, मणक्याची चकती सरकलेली, कमरेला पट्टा. ह्यांना खुर्चीतून उठवून बाथरूमला नेताना आम्ही दोघं दोनदा पडलो. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा शेजारच्यांनी दार ढकलून आत येईपर्यंत अर्धा तास तसेच फरशीवर होतो. मग बंगळूरहून मुलगा आला आणि त्याने मांजरीला, ऊस संपून नव्या इमारती सुरू होतात तिथलं एक शुश्रूषा केंद्र शोधलं. चांगलं होतं, मी पाहून आले होते. खोली हवेशीर, माणसं नीट बोलणारी. रविवारी बाराच्या आत तिथल्या डॉक्टरांनी तपासून दाखल करून घ्यायचं, नाहीतर खाट यादीतल्या पुढच्या माणसाला. मुलगा मला म्हणाला, "आई, बाबांना इथे काय आणि तिथे काय, फरक कळणार नाहीये. तुला कळेल." मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं.

फक्त एक अट घातली, ह्यांना आमच्या गाडीतूनच नेईन. मुलाने कपाळाला हात लावला. पण त्यामागे नुसता हट्ट नव्हता. मागे एकदा ह्यांना कॅबमध्ये चढवताना त्या उंच पायरीवरून हे माझ्या अंगावर कोसळले होते. आमच्या जुन्या गाडीची सीट ह्यांच्या खुर्चीच्या बरोबर उंचीला येते, दार सताड उघडतं, ह्यांना नुसतं सरकवलं की झालं. आणि थोडा हट्टही होता, नाही असं नाही. ती गाडी ह्यांनी हौसेने घेतली होती. पिंपरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, त्यामुळे गाडीला कधी परक्याचा हात लागू दिला नाही. ह्यांचे एकच स्नेही, नाना पेठेतले ऑटो इलेक्ट्रिशियन चाचा, त्यांचा काय तो अपवाद.

तर सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती गाडी चार वर्षं कव्हरखाली पडून होती. कव्हर काढलं, विमा भरला, टायरमध्ये हवा भरली. बॅटरी अर्थातच मेलेली. चाचा म्हणाले, नवी घ्या वहिनी. मी म्हटलं, एका फेरीनंतर गाडी विकायचीच आहे, नवी कशाला? त्यांनी दुकानातली एक वापरलेली आणून बसवली. गाडी सुरू झाली, मी टाळ्या वाजवल्या, दहा मिनिटं फिरवून आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठप्प.

इथून माझी तीन आठवड्यांची डोकेफोड सुरू झाली. चाचांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अगदी शहाण्या माणसाचा होता. इंजिन चालू असताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पेटलेला राहतो का? मी म्हटलं, छे, अजिबात नाही. ते म्हणाले, मग चार्जिंग होतंय, गाडी उभी असताना करंट कुठेतरी गळतोय. मला ते पटलं. शाळेच्या दिवसांतला माझा मल्टिमीटर कपाटातून काढला, त्यात नवा सेल घातला आणि गळती शोधायला बसले. एकेक फ्यूज काढायचा, मीटर बघायचा, फ्यूज परत लावायचा. हेडलाइटचा, हॉर्नचा, पंख्याचा, डिकीतल्या दिव्याचा. गळती नव्हतीच. पाठ मात्र मोडली.

ह्यांना वर एकटं ठेवता येत नाही, म्हणून खुर्ची गाडीच्या उघड्या दाराशी आणून ठेवायची. मी काम करायची, हे बघायचे. आणि मी किल्ली फिरवून गाडी सुरू केली की हे डाव्या हाताने खुर्चीचा हात बडवायला लागायचे. दर वेळी. आधी वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. मग वाटलं, वर जायचंय. वर नेलं तरी बडवणं थांबेना. एकदा माझा तोल गेला आणि मी ओरडले की तुम्हाला मदत करता येत नसेल तर निदान गप्प बसा. वॉचमनसुद्धा दचकला. हे थांबले, मान हलवली आणि भिंतीकडे बघत बसले.

शेवटी मला अक्कल सुचली आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला. चौदा व्होल्टच्या आसपास यायला हवं. आलं बारा पॉइंट दोन. म्हणजे गळती वगैरे काही नाही, चार्जिंगच होत नव्हतं. चाचांना कळवलं. ते येऊन बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काढून घेऊन गेले, दुकानात मशिनवर लावला आणि फोनवर म्हणाले की अहो वहिनी, हा तर ठणठणीत आहे, सव्वाचौदा देतोय. शनिवारी संध्याकाळी त्यांनी तो परत बसवला, त्याचा पट्टा सैल होता तो ताणला, अर्थिंगची तार घासून लखलखीत केली आणि बॅटरी रात्रभर चार्जरला लावायला सांगितली. मीटर तरीही बारा पॉइंट चारच्या वर जाईना. उजेड संपला होता आणि त्यांना भाचीच्या लग्नासाठी सोलापूरची बस पकडायची होती. जाता जाता म्हणाले, उभ्या गाडीत कमीच दाखवेल, रस्त्यावर चढेल. त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. माझाही नव्हता. पण उद्या रविवार होता.

सकाळी साडेनऊला ह्यांना सीटवर सरकवलं, खुर्ची घडी करून मागे टाकली, कपड्यांची बॅग तिच्यावर. मल्टिमीटरच्या तारा सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसल्या आणि मीटर डॅशबोर्डवर डोळ्यांसमोर टेकवला. किल्ली फिरवली तशी ह्यांनी डावा हात डॅशबोर्डवर आपटला. मी बघितलंच नाही तिकडे. म्हटलं, आजचा दिवस काढा.

टिळक रोडला बारा पॉइंट तीन. स्वारगेटला बारा पॉइंट एक. रस्त्यावर चढेल म्हणे! मीटर उतरत होता. पूलगेटच्या सिग्नलला इंजिन तापून पुढचा पंखा सुरू झाला आणि आकडा एकदम अकरा पॉइंट सातवर आला. हॉर्न वाजवायचा नाही ठरवलं, म्हणजे रिक्षावाल्यांच्या शिव्या खात जायचं. ब्रेकसुद्धा जपून दाबत होते, कारण मागचे दिवे लागतात. हे एका हाताने डॅशबोर्ड बडवत होते, ठक, ठक, थांबून पुन्हा ठक. मुलाचा फोन आला, स्पीकरवर घेतला. तो मांजरीला फाटकात उभा होता. म्हणाला, फॉर्म भरून ठेवलाय, डॉक्टर आलेत, कुठपर्यंत आलात? मी म्हटलं, येतोय. तो म्हणाला, बाबा कसे आहेत? मी म्हटलं, नेहमीसारखेच, बडवतायत.

हडपसरचा उड्डाणपूल उतरलो आणि पुढच्या चौकाअलीकडे गाडीने दोन गचके दिले. मीटर दहा पॉइंट सहा. कशीबशी डावीकडे घेतली, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी थांबवली आणि इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. अकराला दहा मिनिटं कमी होती. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले, खरंच रडले, लोकांसमोर. चार वर्षं सगळं मी ओढलं आणि शेवटचे दोन कोस गाडी मला साथ देईना, एवढाच विचार डोक्यात होता.

ह्यांनी माझ्या दंडाला धरून मला मागे ढकललं. डाव्या हातात ताकद आहे अजून ह्यांच्या. मग हे माझ्या अंगावरून उजवीकडे झुकले. उजवी बाजू लुळी, तोल जातोय, खांदा माझ्या छातीवर रुतलेला, श्वास लागलेला. मला वाटलं ह्यांना काहीतरी होतंय. मी सावरायला गेले तर माझा हात झटकला. हात लांबवून किल्ली गाठली. ती पूर्ण बंद केली. मग एकच टप्पा फिरवली, गाडी सुरू करण्याच्या अलीकडे, आणि तिथेच थांबले.

डॅशबोर्डवर दोन दिवे मिणमिणले, एक तेलाचा, एक हँडब्रेकचा. ह्यांनी तर्जनी त्या दोन्हींच्या शेजारच्या अंधाऱ्या चौकोनावर टेकवली. तिथे बॅटरीचं चित्र होतं. टक टक टक, तीनदा. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या वर्गात पहिल्या बाकावरची मुलं उत्तर येत असलं की जशी बघायची, तसं पाहिलं.

आणि मला कळलं. इंजिन चालू असताना तो लाल दिवा लागायचा नाही, हे बरोबर. पण इंजिन सुरू व्हायच्या आधी, किल्ली पहिल्या टप्प्यावर असताना, तो लागायलाच हवा. त्याच दिव्यातून बारीकसा करंट अल्टरनेटरला जातो, तेव्हा कुठे तो जागा होतो. चाचांच्या मशिनला स्वतःचा दिवा होता, म्हणून तिथे तो ठणठणीत चालला. मी मात्र दर वेळी किल्ली एका दमात शेवटपर्यंत फिरवत होते आणि दिवा दिसत नाही म्हणून खूश होत होते. परिपथ तुटला असेल तर दिवा लागत नाही, हे मी सातवीच्या किती वर्गांना शिकवलं असेल!

स्टिअरिंगखालून वर हात घातला. कमरेतून कळ निघाली ती दात खाऊन सोसली. दोन दिव्यांचे होल्डर जागेवर होते. तिसरा तारेला लोंबत होता, रिकामा.

तो मीच रिकामा केला होता. झटका आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. हे अतिदक्षता विभागात होते, मी घर आणि दवाखाना अशा गाडीनेच फेऱ्या मारत होते आणि अल्टरनेटरचा पट्टा सैल झाल्यामुळे हा दिवा सारखा पेटलेला राहायचा. तिथे आत सगळीकडे लाल दिवे आणि बाहेर आले की गाडीतही लाल दिवा. मला ते सहन होईना. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मी हात घालून तो दिवा उपटला आणि खिडकीतून फेकून दिला. आठवडाभराने गाडी बंद पडली, ढकलत घरी आणली, कव्हर घातलं. त्या दिवसांतलं मला काहीच नीट आठवत नव्हतं. हेही नाही.

शेजारचा होल्डर, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या उजेडाचा, ओढून काढला. त्यातला दिवा तसलाच. चिमटीत धरून लोंबणाऱ्या होल्डरमध्ये दाबला, होल्डर जागेवर बसवला. हे किल्लीवर हात ठेवून बसले होते. चौकोन लाल झाला. फिका, पण लाल. ह्यांनी श्वास सोडला.

रसवाला आणि दोन गिऱ्हाइकं पुढे आली. "ताई, दुसऱ्या गियरला टाका, आम्ही हाय," रसवाला म्हणाला. त्यांनी धक्का मारला, मी क्लच सोडला, गाडी खोकली आणि सुरू झाली. लाल दिवा लुकलुकला आणि विझला. मीटर बघितला. तेरा पॉइंट दोन. तेरा पॉइंट आठ. चौदा पॉइंट एक. आकडा तिथे थांबला आणि मी ह्यांच्याकडे वळून हसले, आणि हसता हसता थांबले.

ह्यांना समजत होतं. पहिल्या दिवसापासून ह्यांना दोष माहीत होता आणि हे तीन आठवडे सांगत होते. म्हणजे बाकीचंही समजत होतं. मुलगा जेवणाच्या टेबलावर ह्यांच्यासमोर बोलला, ते. मी हो म्हटलं, ते. आणि मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मैत्रिणीला फोनवर मी म्हणाले होते की ह्याच्यापेक्षा तेव्हाच सुटले असते तर दोघांचंही भलं झालं असतं. हे समोर होते. चार हातांवर. टीव्ही बंद होता.

मला ह्यांच्या तोंडाकडे बघवेना. गाडी चालू ठेवून तशीच बसले. रसवाल्याने काच वाजवून विचारलं की आता काय झालं, त्याला हाताने काही नाही असं सांगितलं. मग वळले आणि ह्यांचा हात धरून, जे चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"अहो, आपण कुठे चाललोय, माहीत आहे तुम्हाला?"

ह्यांनी मान हलवली. ती नेहमीची नव्हती. एकदाच, सावकाश.

"तुम्हाला जायचंय तिथे?"

ह्यांनी मान हलवली नाही. माझा हात सोडवला आणि माझ्या कमरेवर, पट्ट्यावर आपली बोटं ठेवली. थोडी दाबली. मग तोच हात पुढे करून रस्ता दाखवला, मांजरीचा. हातानेच चल म्हणाले. माझ्यासाठी जायला निघाले होते हे. ठरलं तेव्हापासून, सगळं ऐकून, सगळं समजून.

माझा संताप संताप झाला. मी म्हटलं, मी तुमच्याबद्दल विचारलं, माझी कंबर कशाला मध्ये आणता? ह्यांनी पुन्हा रस्ता दाखवला. मी म्हटलं, एवढं कळतं तर चार वर्षं प्रत्येक गोष्टीला नंदीबैलासारखी मान का डोलावत होता? ह्यांनी डॅशबोर्डवर हात आपटला. मी म्हटलं, आपटू नका, आत्ताच दुरुस्त केलंय. ह्यांनी आणखी जोरात आपटला. डोळ्यांत पाणी, मान लाल, तोंडातून नुसता घरघरता आवाज आणि हात मांजरीकडे. मी गाडी चौकातून उजवीकडे, परत घराकडे वळवायचा सिग्नल दिला. ह्यांनी झुकून तो बंद केला. मी पुन्हा दिला. ह्यांनी पुन्हा बंद केला. धक्क्याने गाडी अर्धी रस्त्यात आली होती, आमच्यामागे हॉर्नचा गोंगाट उठला. चार वर्षांत आमचं पहिलं भांडण चाललं होतं आणि दोघंही ऐकायला तयार नव्हतो.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. साडेअकरा झाले होते. स्पीकरवर त्याचा आवाज कावलेला होता. "आई, डॉक्टर निघतायत. येताय की नाही, एकदा फायनल सांग."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते. हात अजून सिग्नलच्या दांडीवर होता.

"थांब," मी म्हटलं. "बाबांना विचारून सांगते."